वेगळा कप

आयर्लंडमध्ये राहून जपानी चहावर लिहिणं म्हणजे नागपुरात बसून सुरमईच्या कालवणावर लिहिण्यासारखं आहे. त्यातून इथली माणसं स्वतःच पट्टीची चहाबाज. दरडोई चहा पिण्यात तुर्कस्तानच्या खालोखाल आयर्लंडचं नाव घेतलं जातं. चहाही आपल्यासारखाच, कडक आणि दुधाचा, आणि त्यात आसामच्या पत्तीचा मोठा वाटा. दुसऱ्या महायुद्धात रेशन माणशी आठवड्याला अर्ध्या औंसावर, म्हणजे जेमतेम १४ ग्रॅमवर आलं होतं. या देशात युद्धाची झळ कशी लागली याच्या गोष्टी निघाल्या की हा चहा हमखास निघतो. अशा देशात हिरवी पूड गरम पाण्यात घुसळून, तासभर गुडघ्यांवर बसून पिण्याचं कौतुक कोणाला असणार?

पण आहे. डब्लिनहून तासाभराच्या अंतरावर किल्डेअर परगण्यात टली नावाच्या ठिकाणी घोड्यांची मोठी पैदास होते. तिथल्या श्रीमंत मालकाने, कर्नल विल्यम हॉल वॉकरने, १९०६ ते १९१० या काळात तासा एइदा नावाच्या जपानी माणसाकडून आणि त्याच्या मुलाकडून एक जपानी बाग करून घेतली. माणसाचा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास दाखवणारी ही बाग आजही चांगली राखलेली आहे, आणि तिच्यात चहाचं घरही आहे. दुसरा धागा लाफकाडिओ हर्नचा. हा लेखक लहानाचा मोठा झाला डब्लिनमध्ये, १८९० साली गेला जपानला, तिथेच संसार थाटला, कोइझुमी याकुमो या नावाने जपानी झाला आणि १९०४ साली तिथेच वारला. तो लहानपणी उन्हाळ्यात जिथे राहायचा त्या ट्रॅमोर गावात २०१५ पासून त्याच्या नावाची जपानी बाग आहे.

तिसरा धागा आपल्याला जास्त जवळचा आहे. चहाविधी पाश्चात्त्य जगाला समजावून सांगणारं सर्वांत गाजलेलं पुस्तक ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ साली थेट इंग्रजीत लिहिलं. हे ओकाकुरा त्याआधी १९०२ साली कलकत्त्यात होते, ठाकूर कुटुंबाच्या सहवासात. त्यांच्या आधीच्या, १९०३ सालच्या, पूर्वेच्या कलेवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती भगिनी निवेदितांनी. आणि निवेदिता म्हणजे माहेरच्या मार्गारेट नोबल, जन्म १८६७, आयर्लंडच्या उत्तर भागातल्या टिरोन परगण्यातलं डनगॅनन गाव. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्या विवेकानंदांच्या शिष्या म्हणून येतात आणि जातात. जपानी कलेच्या पुस्तकाशी त्यांचा असा संबंध आहे हे मला इथे आल्यावर कळलं.

तर असा हा आयर्लंड-भारत-जपान त्रिकोण. चहाविधीबद्दल इथे जे बोललं जातं ते मात्र साधारण एकाच पठडीतलं असतं. शांतता, निसर्ग, साधेपणातलं सौंदर्य, फुटलेल्या वाडग्याला सोन्याने सांधणं वगैरे. हल्ली आपल्याकडेही याची लाट आली आहे. मला त्याबद्दल तक्रार नाही, पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. चहाविधीतली मोठी कला वाडगा घडवण्यात नाही. तो वाडगा कोणाच्या हातात द्यायचा आणि नंतर तो कोणी विसळायचा, हे ठरवण्यात ती आहे. आणि या कसोटीवर आपली मराठी घरं, चांगली शिकलेली, पुरोगामी म्हणवणारी घरंसुद्धा, अजून नापास आहेत.

आधी वस्तूंबद्दल सांगतो, कारण इंजिनियर माणसाला तिथे रमायला आवडतं.

सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) या चहागुरूने या विधीला आज दिसतं ते रूप दिलं. त्याच्या आधी जपानी सरदारांना चिनी भांड्यांचं वेड होतं. गुळगुळीत, तलम, एकसारखी झिलई असलेली भांडी. रिक्यूने चोजिरो नावाच्या कारागिराकडून वाडगे करून घेतले. हा माणूस कौलं करणारा होता. ते वाडगे चाकावर फिरवलेले नव्हते, हाताने दाबून घडवलेले आणि सुरीने तासलेले होते. हेच पुढे राकू भांडी म्हणून प्रसिद्ध झाले. एकही वाडगा नेमका गोल नाही, काठ किंचित वरखाली, रंग काळा नाहीतर तांबूस.

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. चिनी मातीचं पातळ भांडं खूप उष्णतेवर भाजतात, त्यामुळे ते काचेसारखं घट्ट होतं आणि गरम चहा ओतला की लगेच तापतं, म्हणून त्याला कान लागतो. राकूची माती जाडसर, सच्छिद्र आणि मानाने कमी भाजलेली. तिच्यातल्या बारीक पोकळ्यांत हवा असते आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. त्यामुळे आतला चहा गरम राहतो आणि बाहेर दोन्ही तळव्यांना फक्त ऊब लागते. कान नसलेला वाडगा दोन्ही हातांनीच धरावा लागतो, आणि दोन्ही हातांनी घेतलेली वस्तू माणूस आपोआप जपून घेतो. आपल्याकडे प्रसाद घेताना हात जसे होतात तसे.

दुसरी वस्तू घुसळणी, चासेन. बांबूचा एकच तुकडा घेऊन त्याचं एक टोक चिरत चिरत ८०-१०० किंवा त्याहून जास्त काड्या करायच्या, त्या तासायच्या, आत वळवायच्या आणि दोऱ्याने बांधायच्या. कुठेही खिळा नाही की डिंक नाही. नारा प्रांतातलं ताकायामा गाव शतकानुशतकं हेच काम करतं. एवढी मेहनत करून बनवलेली ही वस्तू वापरून झिजते, काड्या तुटतात आणि ती टाकून द्यावी लागते. इतकी नाजूक कारागिरी आणि तिला कपाटात बसून राहायची मुभाच नाही, हे मला फार आवडतं.

तिसरी वस्तू चाशाकु, म्हणजे चहाची पूड घ्यायचा बांबूचा चमचा. बांबूची एक चीप, टोकाला वाकवलेली, बस्स. पण रिक्यूने स्वतःच्या मृत्यूच्या आधी तासलेला एक चमचा नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे आणि त्याचं नाव आहे 'अश्रू'. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकमावरून १५९१ साली रिक्यूला पोट चिरून घ्यावं लागलं. तो चमचा त्याने फुरुता ओरिबे या शिष्याला दिला. ओरिबेने त्यासाठी एक नळी करून घेतली, तिला चौकोनी खिडकी पाडली आणि त्या खिडकीतून तो चमच्याकडे गुरूच्या स्मृतिफलकाकडे पाहावं तसा पाहत असे. बांबूच्या चिपेची किंमत अशी ठरते.

आता खोली. क्योतोजवळ यामाझाकी इथे ताइआन नावाची एक खोली आहे, रिक्यूच्या नावावर सांगितली जाणारी. चहा होतो ती जागा अवघ्या दोन चटयांची, म्हणजे आपल्या एखाद्या पलंगाएवढी. आत जायला दार नाही, भिंतीत खाली एक चौकोनी भोक आहे, दोन फुटांच्या आसपास. गुडघ्यांवर बसून, मान वाकवून, सरपटतच आत जावं लागतं. कमरेला तलवार असेल तर ती आत जाऊच शकत नाही. ती बाहेरच्या मांडणीवर ठेवायची. सरदार असो, भिक्षू असो नाहीतर साकाई बंदरातला व्यापारी (रिक्यू स्वतः त्याच जातकुळीचा), सगळ्यांना एकाच भोकातून एकाच पद्धतीने शिरायचं. उपदेश नाही, पाटी नाही. दाराची उंचीच माणसाला वाकवते. आमच्या धंद्यात याला चांगलं डिझाइन म्हणतात. जे वागणं हवं ते माणसाच्या चांगुलपणावर न सोडता वस्तूच्या आकारातच घालून ठेवायचं.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. यजमान पाहुण्यांच्या देखत रेशमी फडक्याने चमचा पुसतो, गरम पाण्याने वाडगा विसळतो, घुसळणीच्या काड्या तपासतो. चहा झाल्यावर वाडगा परत येतो तेव्हाही तोच विसळतो. नोकराला हाक मारत नाही. दाट चहा असेल तर तो एकाच वाडग्यात केला जातो. पहिला पाहुणा दोन-तीन घोट घेतो, काठ पुसतो आणि वाडगा शेजाऱ्याकडे देतो. सगळे त्याच वाडग्यातून पितात. उष्टं हा शब्द आपल्या मनात लगेच उभा राहतो, पण तिथे नेमकं तेच करायचं असतं.

आमच्या ग्रुपमध्ये काही वर्षांपूर्वी एक जपानी पोस्टडॉक होती, लहानपणापासून चहा शिकलेली. तिने एकदा डिपार्टमेंटच्या एका रिकाम्या खोलीत आम्हा चौघांना चहा करून दाखवला. चटया नव्हत्या, योगासनांच्या सतरंज्या होत्या. कोळशाऐवजी विजेची शेगडी. खोलीची किल्ली घेऊन आलेले केअरटेकर, साठीचे पक्के डब्लिनकर, दारात उभे राहून बघत होते. तिने काम थांबवलं, वाकून त्यांना आत बोलावलं आणि पाहुण्यांच्या रांगेत बसवलं. गुडघे वाकत नाहीत म्हणाले, तर खुर्ची दिली. वाडग्याला एक जुनी तडा होती, लाखेने सांधलेली. त्यांनी वाडगा फिरवून नीट पाहिला आणि विचारलं, हे गळत नाही का? मग म्हणाले, आमच्या आईची किटली चोच फुटलेलीच होती, तिने ती मरेपर्यंत वापरली. एक घोट घेतला आणि अत्यंत अदबीने विचारलं, थोडं दूध मिळेल का? सगळे हसलो, ती सगळ्यांत जास्त. (चव सांगायची तर पालकाचा रस कडू लागला तर कसा लागेल तशी. सवयीने आवडते.) नंतर ती मला म्हणाली की वाडग्याबद्दल त्यांनी विचारलेला प्रश्नच सर्वांत योग्य होता, कारण पाहुण्याने वाडग्याची चौकशी करायचीच असते.

इथे थांबून चहाविधीचा जयजयकार करता आला असता, पण ते खोटं ठरेल. कारण याच वस्तूंच्या पायी माणसं मेली आहेत.

ओदा नोबुनागाने चहाची नावाजलेली भांडी ताब्यात घेऊन ती बक्षीस म्हणून सरदारांना वाटायची पद्धत पाडली. एका मूठभर बरणीला जहागिरीचं मोल आलं. मात्सुनागा हिसाहिदे या सरदाराकडे एक प्रसिद्ध लोखंडी किटली होती. १५७७ साली किल्ल्याला वेढा पडला तेव्हा ती नोबुनागाच्या हाती लागू नये म्हणून त्याने ती फोडली आणि स्वतः मेला, अशी कथा सांगतात. 'त्सुकुमो नासु' नावाची वांग्याच्या आकाराची चहाची बरणी १६१५ साली ओसाकाचा किल्ला जळाला तेव्हा राखेतून तुकडे वेचून लाखेने पुन्हा उभी केली. आज ती तोक्योत आहे. वरून पाहिलं तर अखंड वाटते, क्ष-किरणांत तुकड्यांचे सांधे दिसतात. हिदेयोशीने तर सोन्याने मढवलेली, सुटी करून नेता येणारी चहाची खोली केली होती. त्याच हिदेयोशीने १५८७ साली क्योतोत कितानो इथे चहाचा असा मेळा भरवला की शेतकऱ्यानेही यावं, चटई आणि किटली घेऊन यावं, चहा नसेल तर भाजलेल्या पिठाचं पाणी चालेल. आणि त्याच हिदेयोशीने १५९२ साली कोरियावर स्वारी केली आणि त्याचे सरदार तिथल्या कुंभारांना पकडून जपानला घेऊन आले. आरिता, हागी, सात्सुमा ही जपानी भांड्यांची मोठी नावं त्या कुंभारांच्या हातून उभी राहिली.

क्योतोतल्या दाइतोकुजी मंदिराच्या आवारात 'किझाएमोन' नावाचा चहाचा वाडगा आहे. जपानने त्याला राष्ट्रीय संपत्तीचा दर्जा दिला आहे. मूळचा तो कोरियातला रोजच्या वापरातला स्वस्त वाडगा असावा असं यानागी सोएत्सु या कलाविचारवंताचं मत होतं. करणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही. म्हणजे पहा, गरिबाचा वाडगा श्रीमंताच्या हातात जाऊन राष्ट्रीय संपत्ती झाला, पण तो घडवणारा गरीब काही त्या खोलीत शिरला नाही. जपानमध्येसुद्धा चामड्याचं काम करणाऱ्यांच्या वस्त्या शतकानुशतकं वेगळ्याच राहिल्या, चहाच्या खोलीतली समता तिथवर पोचली नाही. पुढे चहाची घराणी झाली, गुरुगादी झाली, गुरूने डब्यावर सही केली की वाडग्याची किंमत वाढू लागली. रिक्यूने जे वाकलेलं दार केलं त्याच्या बाहेर पुन्हा रांग लागली आणि ती ऐपतीप्रमाणे.

हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की रिक्यूचं दार खोटं ठरत नाही. निदान त्या खोलीपुरता तरी नियम स्पष्ट आहे. आत आलेल्या प्रत्येकाला तोच वाडगा.

आयर्लंडकडेही याच नजरेने पाहता येतं. इथल्या जुन्या घरांत एक चांगली खोली असायची आणि तिच्यात काचेच्या कपाटात चांगले कप. बरेचदा बेलीक गावचे. बेलीकचा कारखाना १८५७ चा, त्याचे पांढरे, शिंपल्याच्या आकाराचे, अंड्याच्या कवचासारखे पातळ कप लग्नात भेट द्यायची पद्धत आहे. हे कप बाहेर निघायचे ते पाद्री घरी आले तर. बाकीच्यांना रोजचे मग. आपल्या शोकेसमधला टी-सेट आठवला असेलच. नातवंडांची मुंज होते तरी तो सेट काही वापरात येत नाही.

पण खरी परीक्षा दारावर यायच्या माणसाची. आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर नावाचा फिरता समाज आहे. कल्हईवाले, पत्र्याची भांडी करणारे. गावाचे टिनचे मग आणि बादल्या त्यांच्या हातच्या. पण पब आणि हॉटेलांतून त्यांना परत पाठवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. २००० सालच्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरवला आणि सरकारने त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली ती २०१७ साली. ज्यांनी मग करून दिले त्यांनाच त्यातून प्यायला मिळत नाही, ही काही एकट्या कोरियाची गोष्ट नाही.

आणि अर्थातच एकट्या आयर्लंडचीही नाही. हर्न जपानला पोचला त्याच १८९० साली, ऑक्टोबरमध्ये, पुण्यात एक चहा झाला. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी घेतला, कोणी नुसता पुढे ठेवू दिला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी झाली, बहिष्कार झाले. रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहाचं! आज आपण ही गोष्ट गंमत म्हणून सांगतो. पण त्या कपात नेमकं भय कशाचं होतं? चहाचं नाही. तो कोणाच्या हातचा आणि कोणाच्या भांड्यातला, याचं.

ते भय गेलं आहे का? दलित आत्मकथनं वाचलेल्यांना गावच्या हॉटेलात वेगळ्या ठेवलेल्या कपबश्या माहीत आहेत. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ती वापरू न देणं हा गुन्हा आहे. कायदा लिहिणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं की अस्पृश्यता कुठे राहते. ती ग्रंथांत राहते तशी भांड्यांच्या मांडणीतही राहते. पण हा कायदा हॉटेलच्या कपापाशी थांबतो. घरातल्या कपापर्यंत तो पोचत नाही.

आणि घरात तो कप आहे. पुणे, ठाणे, नाशिक, कुठल्याही सोसायटीत चार स्वयंपाकघरं पाहा. ओट्याखाली किंवा खिडकीच्या कट्ट्यावर एक कप असतो. कान तुटलेला, नक्षी उडालेली, सेटमधला उरलेला एकटा. किंवा स्टीलचा पेला. तो कामाच्या बाईंचा. जात विचारून ठेवलेला असतो असं नाही, बरेचदा कोणी काही म्हणतही नाही. ती वस्तू नुसती तिथे असते आणि न बोलता सगळं सांगते. रिक्यूच्या दारासारखंच हेही डिझाइन आहे. ते सगळ्यांना वाकवतं, हे एकालाच.

यातली सर्वांत विचित्र गोष्ट ही की त्याच बाई घरातले बाकीचे सगळे कप धुतात. त्यांच्या हातून प्रत्येक कप रोज जातो. आपण ज्या कपाला ओठ लावतो तो त्यांनी बोटांनी घासलेला असतो. हात चालतात, ओठ चालत नाहीत. चहाच्या खोलीत यजमान पाहुण्याचा वाडगा विसळतो. आपल्याकडे पाहुणी यजमानाचा विसळते आणि तरी तिला वेगळ्यातून प्यायचं असतं.

यावर ठरलेली उत्तरं आहेत, मी ती घरच्या आणि मित्रांच्या गप्पांत ऐकली आहेत. पहिलं, स्वच्छतेचा प्रश्न आहे हो, जातीचा नाही. बरं. स्वच्छतेची काळजी जपान्यांपेक्षा जास्त कोण करतं? तिथेही एका वाडग्यातून पिण्यावर आक्षेप आलेच, आणि कोविडच्या साथीत तर ती पद्धत बाजूलाच ठेवावी लागली. त्यांनी काय केलं? प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र वाडगा. प्रत्येकाला! एकाला वेगळा आणि बाकीच्यांना एक, असं नव्हे. स्वच्छतेचा नियम सगळ्यांना लागतो. जो एकाच माणसाला लागतो तो नियम स्वच्छतेचा नसतो. आणि तसंही, त्या बाई गेल्यावर आलेल्या कुरियरवाल्या पुतण्याला, खोकणाऱ्या मेव्हण्याला आपण वेगळा कप देतो का?

दुसरं उत्तर, त्या स्वतःच वेगळा मागतात, त्यांनाच संकोच वाटतो. वाटत असेल. आपल्या केअरटेकरांनाही दारातच उभं राहायचं होतं. पाहुण्याचा संकोच घालवणं हेच तर यजमानाचं काम. नुसतं 'घ्या हो' म्हणून भागत नाही. आयर्लंडमध्ये पाहुणा पहिल्यांदा चहाला नको म्हणतो, दुसऱ्यांदाही नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला नाही तर तो यजमानाचा अपमान करून घेतल्यासारखा होतो. आपल्याकडेही पंक्तीत आग्रह करकरून वाढायची रीत आहे. तो आग्रह ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला का होत नाही?

तिसरं उत्तर, एवढीशी गोष्ट, पगार वेळेवर देतो, दिवाळीला बोनस देतो, मुलीच्या फीला मदत करतो. हे सगळं चांगलंच आहे आणि कपापेक्षा मोठंही आहे. पण मदत करणारा वरचा राहतो आणि घेणारा खालचा. कप एकच झाला की निदान चहाच्या दहा मिनिटांपुरतं ते मिटतं. रिक्यूनेही जपानमधली सरदारकी मोडली नाही. त्याने फक्त एका खोलीपुरती ती बाहेरच्या मांडणीवर ठेवायला लावली. तेवढंसुद्धा तेव्हा पुष्कळ होतं.

परदेशात बसून घरच्यांना शहाणपण शिकवायचं हा आम्हा लोकांचा आवडता छंद, हे मला माहीत आहे. इथे घरकामाला माणूस परवडत नाही म्हणून समता सोपी जाते, हेही खरं. भांडी स्वतःच घासायची असली की वेगळा कप ठेवायला कोणी उरतच नाही. पण म्हणून तिथला कप बरोबर ठरत नाही.

जपानी चहाचं सामान हल्ली आपल्याकडेही मिळायला लागलं आहे. बांबूची घुसळणी, हिरवी पूड, ओबडधोबड वाडगे. हौस म्हणून जरूर घ्या, वाडगा हातात छान बसतो. सोन्याने सांधलेला मिळाला तर तोही घ्या. पण त्याआधी कान तुटलेला तो एक कप ओट्याखालून काढा आणि सरळ कचऱ्यात टाका. तो जपून ठेवण्यासारखा नाही. उद्या सकाळी शोकेसमधला सेट बाहेर काढा, त्यातल्या दोन कपांत चहा ओता, एक बाईंना द्या आणि दुसरा घेऊन शेजारी बसा. आणि पिऊन झाल्यावर ते दोन्ही कप तुम्हीच विसळा.